हजेरी कुणाची घेता?

आपल्या तक्रारी आता आपल्याला तोंडपाठ झाल्या आहेत. चार मुसलमान कुठे एकत्र बसले, चहाचे कप समोर आले, की पाढा सुरू होतो. खोलीसाठी फोन केला, भाडे ठरले, डिपॉझिट ठरले, नाव सांगितले आणि खोली 'कालच गेली'. नोकरीच्या मुलाखतीत विषयाचे दोन प्रश्न आणि देशप्रेमाचे चार. क्रिकेटच्या सामन्यात पाकिस्तान हरला की फटाक्यांची माळ नेमकी आपल्याच गल्लीच्या तोंडाशी फुटणार. कुठे स्फोट झाल्याची बातमी आली की टीव्हीसमोर बसून आपण पहिली दुआ एकच करतो, 'या अल्लाह, नाव आपल्यातले नसू दे.' मेलेल्यांसाठीची दुआ त्यानंतर.

ह्या तक्रारी खोट्या नाहीत. हे आम्ही आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहायचे आहे ते वाचून काही मंडळी 'हा समाजाची बदनामी करतो' असे म्हणणार. म्हणोत बापडे. उर्दू शाळेत शिकवून मराठीत लिहिणाऱ्या माणसाला शिक्क्यांची सवय असते. मराठी साहित्याच्या कार्यक्रमात गेलो की 'अरे वा, तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो!' आणि मोहल्ल्यात परतलो की 'मास्टर, मराठीत कायको लिखते?' दोन्हीकडे आम्ही काय लिहिले ते कोणी विचारत नाही.

बी.एड. होऊन शिक्षणसेवक म्हणून रुजू झालो तेव्हा तालुक्याच्या गावी आम्ही अकरा खोल्या बघितल्या. अकराही ठिकाणी माणसे गोड बोलली. एका घरमालकाने तर चहा पाजला आणि म्हणाला, "सर, आमची काहीच हरकत नाही. तुम्ही शिक्षक माणूस. पण वरच्या मजल्यावरचे लोक जरा जुन्या वळणाचे आहेत." हरकत कधीच समोरच्याची नसते, ती नेहमी वरच्या मजल्यावर राहते. बारावी खोली मुसलमान मोहल्ल्यात मिळाली. घरमालक हाजीसाहेब. त्यांनी पगार विचारला नाही, ओळखपत्र मागितले नाही. त्यांनी विचारले, "कौन बिरादरी?" आम्ही सांगितले, मोमीन. हाजीसाहेबांचा चेहरा खुलला. "फिर ठीक है. हमारे यहां ऐसे-वैसे लोगां को खोली देते नै."

खरे सांगायचे तर त्या दिवशी आम्हाला हायसे वाटले. अकरा ठिकाणी नाकारले गेल्याचा राग मनात ताजा होता, आणि बाराव्या ठिकाणी कोण्या 'ऐशा-वैशा'ला नाकारून आम्हाला जागा मिळाली होती. दोन्ही गोष्टी एकाच तराजूत मोजल्या गेल्या होत्या. आम्हाला तराजू दिसला नाही, खोली दिसली. हा लेख खरे तर त्या तराजूबद्दल आहे.

आधी त्याची एक बाजू बघू, जी आपल्याला बघायला आवडते. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकलगाड्यांत स्फोट झाले, एकशेऐंशीहून अधिक माणसे मेली. आम्ही तेव्हा कॉलेजच्या वयाचे होतो. त्या खटल्यातल्या एका आरोपीचा पेशा आमचाच. अब्दुल वाहिद शेख मुंबईत शाळेत शिक्षक होते. नऊ वर्षे तुरुंगात काढल्यावर २०१५ साली विशेष न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. 'बेगुनाह कैदी' हे पुस्तक त्यांनी उर्दूत लिहिले. बाकीच्या बारा जणांना त्याच न्यायालयाने दोषी धरले, त्यांतल्या पाच जणांना फाशी सुनावली. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या बाराही जणांना निर्दोष ठरवले. त्यांतला एक निकाल ऐकायला हयात नव्हता, तो तुरुंगवासातच वारला होता. पुढे सर्वोच्च न्यायालयाने ह्या निकालाचा इतर खटल्यांत दाखला देता येणार नाही असे सांगितले, पण सुटलेल्यांना परत आत पाठवले नाही. त्याच २००६ च्या सप्टेंबरात, शब-ए-बरातच्या दिवशी, मालेगावात कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. मेले मुसलमान, पकडले गेले तेही मुसलमान. नऊ जण. त्यांना २०११ साली जामीन मिळाला आणि २०१६ साली न्यायालयाने आरोपमुक्त केले.

न्यायालयांना दहा वर्षे लागली, एकोणीस वर्षे लागली. पण ज्या गल्ल्यांतून ही पोरे उचलली गेली त्या गल्ल्यांचा निकाल त्याच संध्याकाळी लागला होता, आणि त्या निकालावर अपील नसते. सुटकेची बातमी आली तेव्हा त्या गल्लीतल्या मुलांना कुणी बोलावून सांगितले नाही की, बाबांनो, त्या वेळी तुम्हाला नोकरी नाकारली ते चुकलेच.

करोनाच्या काळात हेच पुन्हा पाहिले. २०२० च्या एप्रिलमध्ये तबलिगी जमातीचे नाव टीव्हीवर गाजू लागले आणि आमच्या ओळखीचा एक बागवान, ज्याला तबलिगी म्हणजे काय हे धड माहीत नव्हते आणि जो जुम्मा सोडून मशिदीत फिरकत नव्हता, त्याच्या गाडीवरची कोथिंबीर तीन दिवसांत सुकून गेली. गिऱ्हाईक आधी नाव विचारायचे, मग भाव. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केल्याचे स्पष्ट म्हटले. निकाल चांगला होता. बागवानाची कोथिंबीर मात्र एप्रिलची होती.

इथपर्यंत वाचून आपली मान डोलत असेल. आता दुसरी बाजू.

२९ सप्टेंबर २००८ रोजी मालेगावात पुन्हा स्फोट झाला. ह्या वेळी पकडलेली नावे वेगळी होती. आपल्या मोहल्ल्यांत, आपल्या उर्दू अखबारांत, आपल्या जलशांत काय बोलले गेले ते आठवते का? 'बघा, हे लोक असेच. सगळे आतून एकच.' कोण हे लोक? आमच्या शाळेत मराठी शिकवायला येणारे सर 'हे लोक'? रमजानमध्ये शेवटचा तास स्वतः घेऊन आम्हाला इफ्तारला लवकर सोडणारे? ज्या तपास यंत्रणेला २००६ साली आपण खोटारडी म्हणत होतो, तीच २००८ साली आपल्याला सच्ची वाटू लागली. जुलै २०२५ मध्ये, लोकलगाड्यांच्या निकालानंतर दहाच दिवसांनी, त्या खटल्यातले सातही आरोपी पुराव्याअभावी सुटले. त्या दहा दिवसांत आम्ही आमच्या स्टाफरूममध्ये दोन भाषणे ऐकली. पहिल्या निकालाच्या दिवशी 'न्याय झाला'. दुसऱ्या निकालाच्या दिवशी 'न्याय विकला गेला'. निकालपत्र दोन्ही वेळा कोणी वाचले नव्हते. मालेगावात जे मेले त्यांच्या घरच्यांना खरा गुन्हेगार कोण हे विचारायचा पूर्ण हक्क आहे, दोन्ही वेळच्या स्फोटांबद्दल आहे. पण त्या हक्कातून शेजारच्या घरावर बोट दाखवायचा परवाना निघत नाही.

एवढेही परवडले असते. बाहेरच्यांशी आपले भांडण आहे, भांडणात माणूस तोल सोडतो, असे म्हणता आले असते. पण आपण आपल्या आत काय करतो?

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. सातवीचा वर्ग आमच्याकडे होता, पट बावन्नचा. सहलीचे पैसे गोळा केले होते, अठराशे पन्नास रुपये. पाकिटात घालून टेबलाच्या खणात ठेवले. मधल्या सुट्टीनंतर खण उघडला तर पाकीट नाही. आम्ही घाबरलो, कारण रक्कम आमच्या पगाराला मोठी नसली तरी त्या मुलांच्या घरांना मोठी होती. शेजारच्या वर्गावरचे सहकारी धावत आले आणि काहीही न विचारता म्हणाले, "पैले उस छप्परबंदां के छोरे का दप्तर देखो."

आणि आम्ही बघितले. हे लिहिताना आजही हात अडखळतो, पण बघितले. शैक्षणिक मानसशास्त्राचा पेपर चांगल्या मार्कांनी पास झालेल्या, 'प्रत्येक मूल वेगळे असते' ह्या वाक्यावर पाच पाने उत्तर लिहिलेल्या आम्ही त्या मुलाला उभे केले, त्याचे दप्तर सगळ्या वर्गासमोर टेबलावर उलटे केले. तीन वह्या, झाकण तुटलेली कंपासपेटी, कागदात गुंडाळलेली चपाती आणि शेंगदाण्याची चटणी. खिसे तपासले. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीपट उघडला तेव्हा त्याच्या पुठ्ठ्याच्या आणि कापडाच्या मध्ये पाकीट होते. आम्हीच घाईत ठेवले होते.

बाकीची एक्कावन्न दप्तरे बंद राहिली होती. त्यांत आमच्या मुख्याध्यापकांच्या पुतण्याचे होते, हाजीसाहेबांच्या नातवाचे होते. ती उघडावीत असे आमच्या मनातही आले नाही. अकरा घरमालकांनी आमचे नाव ऐकून जे केले, तेच आम्ही त्या मुलाची बिरादरी ऐकून केले. फरक असेल तर एवढाच की घरमालकांनी निदान चहा पाजला होता.

छप्परबंद कोण? आपल्यातल्या बहुतेकांना 'ते खोटी नाणी पाडणारे' एवढेच माहीत असते. पोराला वर्गात 'खोटा सिक्का' म्हणून चिडवायचे हे आम्हाला नंतर कळले. ते मुसलमान आहेत. मोगलांच्या फौजांबरोबर फिरून छावणीची छपरे शाकारणारे ते छप्परबंद, असे त्यांच्यात सांगतात. फौजा गेल्या, काम गेले, माणसे रस्त्यावर राहिली. मग इंग्रज सरकारने त्यांना 'गुन्हेगार जमाती'त घातले.

हा कायदा आपण नीट वाचायला हवा, कारण माणसाला गटावरून जोखायचे म्हटले तर शेवटी कुठे पोहोचायचे ते त्यात लिहिलेले आहे. १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा झाला. आधी तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यापर्यंत आला. त्यामागचा तर्क सरळ होता. हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, तेव्हा चोराचा मुलगा चोरच होणार. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की तिच्याविरुद्ध कोर्टात दाद मागता येत नसे. जमातीतल्या माणसांची नावे नोंदवायची, बोटांचे ठसे घ्यायचे, ठरल्या वेळी हजेरी लावायची, गावाबाहेर जायचे तर पास घ्यायचा. मुलांना आईबापांपासून वेगळे काढायचीही तरतूद होती, म्हणजे मुले 'सुधारतील'. सोलापुरात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती. तिथली माणसे गिरण्यांत राबायची आणि कुंपणात परतायची. त्या भागाला लोक आजही सेटलमेंटच म्हणतात. आमच्यासारखे मास्तर रोज सकाळी 'हाजिर जनाब' ऐकतात. त्या कुंपणात म्हाताऱ्यांनाही हजेरी द्यावी लागे, आणि त्यांनी काही केले म्हणून नव्हे, ते जन्मले म्हणून.

सगळ्यांना हे मान्य नव्हते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानात हजेरीची पद्धत बंद केली आणि ज्या फासेपारध्यांना जग चोर म्हणत होते त्यांना राखणीवर नेमले. आपल्या मुलांसाठी १९०६ साली कोल्हापुरात मुस्लीम बोर्डिंग काढले तेही त्यांनीच. आपण त्यांच्या जयंतीला बोर्डिंगची आठवण काढतो, हजेरीची काढत नाही. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा गेला, माणसे 'विमुक्त' झाली. सत्तर वर्षांनी आमच्या वर्गात त्यांतल्या एकाची हजेरी आम्ही घेतली.

आता आपल्या बाजूने जे म्हटले जाते ते ऐकू. 'मास्टर, दुनिया अनुभवावर चालते. प्रत्येक माणसाची चौकशी करत कोण बसणार?' हे म्हणणारे सगळे वाईट नसतात. दुकानात गर्दी आहे, घरात तरणी मुलगी आहे, भाडेकरू कोण कसा हे कसे कळणार? नावाचा, बिरादरीचा आधार घेऊन माणूस झटपट ठरवतो. पण हा 'अनुभव' कसा तयार होतो ते बघा. दप्तर एकाचेच उघडायचे, मग चोरी सापडली तर त्याच्याचकडे सापडणार. पोलीस दर वेळी त्याच वस्तीत आधी जाणार, मग नोंदवहीत त्याच वस्तीची नावे जास्त भरणार, आणि पुढच्या वेळी ती नोंदवही पुरावा म्हणून पुढे येणार. हजेरीची पद्धत अशीच चालत होती. नाव नोंदले होते म्हणून पकडायचे आणि पकडला गेला म्हणून नाव नोंदणे बरोबर होते असे म्हणायचे. शिवाय ह्या अनुभवात चुकीचा हिशेब कधी लागत नाही. ज्या अकरा घरमालकांनी आम्हाला नाकारले त्यांना आम्ही कसे भाडेकरू निघालो असतो हे कधीच कळणार नाही. त्यांचा अनुभव शाबूत राहिला. आमचे पाकीट सापडले नसते तर आमचाही राहिला असता. जो जोखतो त्याला चुकीचे मोल द्यावे लागत नाही, ते दुसऱ्याने द्यायचे असते. म्हणून तर ही सवय एवढी टिकाऊ आहे.

दुसरे म्हणणे असते, 'इस्लाममध्ये जातपात नाहीच, मग हा प्रश्न कुठून आला?' दीनमध्ये नाही, हे शंभर टक्के खरे. एकाच्या गुन्ह्याचे ओझे दुसऱ्याच्या पाठीवर टाकता येत नाही हे कुराणाने बजावून सांगितले आहे. अरब आणि गैर-अरब, गोरा आणि काळा, ह्यांत तकव्याखेरीज श्रेष्ठत्व नाही असे हुजूरांनी अखेरच्या खुतब्यात सांगितले. हजरत बिलाल गुलामीतून आले आणि अजानचा मान त्यांना मिळाला, ही गोष्ट आमच्या तिसरीतल्या मुलांनाही येते. पण आपण ह्या गोष्टी भाषणात कुणाला ऐकवतो? शेजाऱ्याला. 'तुमच्यात जाती आहेत, आमच्यात नाहीत.' आणि घरी आल्यावर? पिंजाऱ्याच्या घरी मुलगी द्यायची नाही, खाटकाची सोयरीक नको, फकिराच्या पोराने शिकून करायचे काय, दरवेशी तर मोजणीतच नाहीत. आमच्या मोमिनांचे बघा. आमच्या आजोबांना शेख-सय्यदांच्या ओट्यावर 'जुलाहा' म्हणून हिणवले जायचे, त्याची आठवण घरात अजून कडू आहे. आणि त्याच घरातला नातू छप्परबंदाचे दप्तर उलटे करतो. आपल्या खाली कोणी तरी असल्याशिवाय आपल्याला उंची जाणवतच नाही की काय कोण जाणे. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये सच्चर समितीचा अहवाल आला. त्यातली सरकारी नोकऱ्यांतली आपली टक्केवारी आपण दर भाषणात सांगतो. त्याच अहवालात अश्राफ, अजलाफ आणि अरझल ह्या आपल्या आतल्या पायऱ्यांवर लिहिले आहे. त्या पानावर आपल्या वक्त्यांची बोटे जात नाहीत.

कौतुकाचेही असेच. 'मुसलमानांनी अब्दुल कलामांसारखे व्हावे' हे वाक्य ऐकून आपण सुखावतो. जरा थांबून बघा. बाकी कोणाला असे सांगतात का, की तुम्ही राष्ट्रपती आणि शास्त्रज्ञ झालात तर आम्ही तुम्हाला सभ्य समजू? आम्हाला वेल्डर, टेम्पोचालक, आळशी, साधा, सातवीत दोनदा बसलेला मुसलमान राहायचा हक्क हवा आहे, आणि तरीही खोली हवी आहे. हाच हक्क त्या छप्परबंद मुलाला हवा. तो हुशार आहे म्हणून त्याचे दप्तर उघडू नये असे आम्ही म्हणत नाही. तो गणितात नापास होतो. तरी उघडू नये.

एक आक्षेप मात्र बिनतोड वाटतो, आणि तो आमच्या एका मराठीभाषक मित्राने काढला. 'गटावरून माणूस जोखायचा नाही म्हणता, मग गटावरून आरक्षण कसे मागता?' आम्ही बराच विचार केला. उत्तर असे सुचले की मोजणे वेगळे आणि जोखणे वेगळे. गावात पाणी कुठल्या गल्लीत येत नाही ते बघायचे तर गल्लीवार मोजणी करावीच लागेल. पण त्यावरून त्या गल्लीतला प्रत्येक माणूस घाणेरडा असे ठरवायचे नसते. ज्या जमातीला सरकारने एकगठ्ठा गुन्हेगार ठरवले, तिला वर काढायचे तर तिचे नाव घ्यावेच लागणार, कारण नाव घेऊनच तिला खाली ढकलले होते. महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत चौदा जाती आहेत, त्यांना तीन टक्के आरक्षण आहे आणि त्या यादीत छप्परबंद आहेत, मुसलमानांसह.

आणि इथेच आमची खरी लाज आहे. दप्तराच्या प्रकरणानंतर काही दिवसांनी आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. वडील मार्केट यार्डात हमाली करतात. आम्ही माफी मागायला गेलो होतो, ती धड मागता आली नाही, त्यांनीच विषय मिटवला. "सर, पैसे मिल गए ना? फिर हुआ." निघताना आम्ही सहज विचारले, पोराची शिष्यवृत्ती येते का? त्यांनी एका प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढले. जातीचा दाखला मिळत नाही. विमुक्त जातीचा दाखला काढायचा तर २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीपासून इथे राहत असल्याचा आणि जातीचा पुरावा लागतो. जी माणसे कुंपणात किंवा पाठीवर बिऱ्हाड घेऊन जगली त्यांच्याकडे सातबारा कुठला? त्यांची नावे सरकारदरबारी अगदी चोख लिहिलेली होती, पण ती हजेरीच्या वह्यांत. उरला शाळेचा पुरावा. आजोबा शाळेत गेले नाहीत. वडील चौथीपर्यंत गेले, उर्दू शाळेत. मुलगा आमच्या शाळेत. दोघांच्याही दाखल्यावर जातीच्या रकान्यात एकच शब्द, 'मुस्लिम'.

हा शब्द कोणी लिहिला? कुठल्या इंग्रजाने नाही, कुठल्या मंत्रालयाने नाही. जनरल रजिस्टर आपल्याच शाळांत, आपल्याच मास्तरांच्या हाताने भरले जाते. आम्हीही भरले आहे. प्रवेशाच्या दिवशी रांग असते, कोण विचारत बसतो, वरून सांगितलेले असते की सगळ्यांना 'मुस्लिम' लिहून टाका, आपल्यात जातपात नाही. बागवान, अत्तार, पिंजारी, मोमीन, छप्परबंद, सगळ्यांची आम्ही एका शब्दात बरोबरी केली, आणि ती बरोबरी सवलतीच्या खिडकीपाशीच लागू झाली. स्टाफरूममध्ये त्या मुलाची जात सगळ्यांना ठाऊक होती. रजिस्टरात कोणालाच नव्हती.

ज्यांना ह्या अंकातून आमच्याशी भांडायचे आहे त्यांनी जरूर भांडावे, पण त्याआधी आपापल्या गावातल्या उर्दू शाळेत जाऊन ते रजिस्टर उघडून बघावे. नवीन प्रवेशाच्या वेळी पालकाला त्याची जात आदराने विचारून लिहिणे ह्याला कुठलाही निधी लागत नाही, मोर्चा लागत नाही. आम्ही गेल्या दोन वर्षांपासून ते सुरू केले आहे. पहिल्या वर्षी दोन पालक रागावले, एका मौलानांनी 'फूट पाडता' म्हणून सुनावले. आम्ही त्यांना म्हटले, मौलाना, निकाहाच्या वेळी तुम्ही विचारता ते आम्ही प्रवेशाच्या वेळी विचारतो. ते हसले नाहीत.

जुनी नोंद दुरुस्त करणे अवघड आहे. शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता लागते, तिच्यासाठी पुन्हा जुना पुरावा. त्या मुलाचा अर्ज आम्ही करून दिला. दोनदा परत आला, तिसऱ्यांदा पाठवला आहे. मुलगा आता दहावीत आहे. गणित अजून कच्चे आहे.

गेल्या महिन्यात वर्गात एका मुलीचे कॅल्क्युलेटर सापडेना. ती रडायला लागली. आम्ही तिला म्हटले, शोधू, मिळेल. कोणाकडे बघितले नाही, कोणाचे नाव घेतले नाही. तोपर्यंत मागच्या बाकावरून तो उठला होता. दप्तर बाकावर ठेवून त्याने चेन पूर्ण उघडली, खिशांची अस्तरे बाहेर काढली आणि काही न बोलता खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.